पायपेटी वाजवणारीने ऑर्गनिस्टांच्या गिल्डचं सभासद व्हावं का?

नगरची_लेक (कोलंबस, ओहायो)

मी मूळची नगरची. आमच्या चर्चमध्ये बाबा पायपेटी वाजवायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर तेराव्या वर्षी मी बसले. रेव्हरंड टिळकांची भजनं, नाताळ, लग्नं, मयती, सगळं कानावर बसलेलं. स्टाफ नोटेशन नंतर शिकले. इथे घराजवळच्या चर्चचे ऑर्गनिस्ट गेल्या वर्षी आजारी पडले, तेव्हापासून दर रविवारी पाइप ऑर्गनवर मी असते. बारा जणांचा क्वायरही माझ्याकडेच आहे.

अडचण पायांची आहे. पायपेटीत दोन्ही पाय सतत भाता हलवतात. इथे हवा मोटरवर येते, आणि पायांखाली 32 पट्ट्यांचा पेडलबोर्ड, त्यावर खर्जाचे सूर वाजवायचे. गाण्याची शेवटची ओळ आली की माझा डावा पाय सवयीने खाली दाबला जातो. मागच्या रविवारी ‘आमेन’ला असाच एक भलता खर्ज अख्ख्या चर्चभर घुमला. दोन रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स, म्हणजे ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या संघटनेबद्दल ऐकलंय. संगीताची पदवी नसताना घेतात का? आणि घेतलं तर माझ्यासारखीला तिथे काय मिळेल? कोणी सभासद असाल तर मनापासून सांगा.

वसईकर_बोस्टन

ताई, बिनधास्त जा. गिल्ड 1896 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. सभासद व्हायला परीक्षा नाही, पदवी लागत नाही, वाजवून दाखवायचीही गरज नाही. वर्गणी भरायची आणि आपल्या गावच्या शाखेत नाव घालायचं. शाखेच्या प्रमुखाला तिथे ‘डीन’ म्हणतात, त्यांना एक ईमेल टाका.

परीक्षा आहेत, पण त्या ऐच्छिक. पहिली सर्व्हिस प्लेइंगची. तिच्यात रविवारी लागतं तेच वाजवायचं असतं, लेखी पेपर नाही. वरच्या असोसिएट आणि फेलोला मात्र लेखी असतं. क्वायर घेणाऱ्यांसाठी क्वायरमास्टरची परीक्षा वेगळी.

मला सगळ्यात उपयोग झाला तो कराराचा. सुरुवातीला एका चर्चमध्ये दोन वर्षं मी नुसत्या शब्दावर वाजवलं. नाताळच्या जादा उपासनांचे पैसे आलेच नाहीत आणि दाखवायला हातात कागद नव्हता. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. करारात काय काय असावं, मानधन कसं ठरवावं, याची मार्गदर्शक माहिती गिल्डने तयार केलेली आहे. तुमचं सगळं तोंडीच चाललं असेल, तर आधी ते लिहून घ्या.

लेस्टरची_मावशी

मी इंग्लंडमध्ये आहे. इथे 1864 पासून रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स आहे. सभासद व्हायला तिथेही परीक्षा लागत नाही, पण डिप्लोमा भलते अवघड.

माझं मत जरा वेगळं आहे. सर्टिफिकेटच्या मागे लगेच लागू नकोस. शाखेत गेलीस की पहिल्याच दिवशी विचार, पेडल कोण शिकवतं? आणि पातळ तळव्याचे, टाचेचे ऑर्गन शूज घे. साध्या बुटात पट्टी कळतच नाही. खाली बघू नकोस. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात असतात, त्यांच्यामधली मोकळी जागा पायाने चाचपायची. रोज दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसते पाय. मला पाच महिने लागले.

पुणे_कॅम्प_काका

बेटा, स्वतःला कमी लेखू नकोस. चाळीस वर्षं पायपेटीवर बसलोय म्हणून सांगतो. पियानोवरून ऑर्गनला येणाऱ्यांचे हाल होतात, कारण पियानोचा सूर पेडलने धरून ठेवता येतो. ऑर्गनवर बोट उचललं की सूर संपला. पट्टी दाबून ठेवून तिच्यावरच गुपचूप बोट बदलायचं, ही आपली रोजची सवय. ती तुझ्या हातात आधीच आहे.

दुसरं, तू मंडळीला गायला लावत आलीस. ओळ संपली की लोक श्वास घेतात, तिथे वाजवणाऱ्यानेही घ्यायचा. हे तुला कोणी शिकवायला नको.

नगरची_लेक

काका, वाचताना बाबांचा आवाज आल्यासारखा वाटला. मावशी, शूजची ऑर्डर टाकली. वसईकर दादा, डीनबाईंना ईमेल केला, तासाभरात उत्तर आलं. पुढच्या मंगळवारी शाखेचे लोक गावातल्या तीन चर्चमध्ये फिरून तिथले ऑर्गन वाजवून बघणार आहेत, मलाही बोलावलंय. कराराचं अजून कोणाशी बोलले नाही. रविवारी उपासनेनंतर पास्टरना विचारते.

दादा, एक राहिलं. आमच्या इथे कन्सोल, म्हणजे जिथे बसून वाजवायचं तो पट्ट्यांचा भाग, पुढे आणि पाइप मागच्या गॅलरीत आहेत. मी वाजवलेलं मलाच उशिरा ऐकू येतं, आणि लोक त्याच्याही मागून गातात. अशा वेळी कानावर जायचं की बोटांवर?

वसईकर_बोस्टन

बोटांवर. तुमचा ठेका तुम्ही सोडू नका, त्यांच्यासाठी थांबलात की सगळंच मंदावत जातं. मंगळवारी तिथल्या कुणाला तरी वाजवायला बसवा आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन ऐका.