अनुभव धागा: साठीपुढच्या जोडप्यासाठी घानातला एक आठवडा, सेवा आणि भटकंती

घानातल्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाहुणे म्हणून आठवडाभर सेवेला जाणाऱ्या आणि जमलं तर थोडं पाहूनही येणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांसाठी हा धागा. तिकडे राहिलेल्या, काम केलेल्या सगळ्यांनी लिहावं. फक्त एक विनंती आहे. प्रवासवर्णन नको. किती गोळ्या, कुठे पायऱ्या, काय बिनसतं आणि का, एवढंच हवं. वाक्य ‘आम्ही गेलो तेव्हा’ने सुरू होत असेल तर खोडून पुन्हा लिहा.

चर्चेसाठी सांगाडा असा: बुधवारी राजधानी अक्राला उतरणं, गुरुवारी विश्रांती, शुक्रवार-शनिवार वाचायच्या चष्म्यांचं शिबिर, रविवारी उपासना आणि संदेश (प्रवचन), सोमवार-मंगळवार केप कोस्ट आणि एल्मिना (गुलामांच्या व्यापाराचे किनाऱ्यावरचे किल्ले), बुधवारी परतीचं विमान. कुठे चुकतंय ते सांगा.

प्रतिसाद १ (निवृत्त फार्मासिस्ट)

आधी लस. पीतज्वराचं पिवळं कार्ड नसेल तर घानात प्रवेश नाही. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून कार्ड ग्राह्य धरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुलै २०१६पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तिकीट काढण्याआधी हे बोलणं व्हायला हवं, नंतर नाही. परतताना भारतातही हे कार्ड पाहतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आता मलेरिया. घानात बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीवघेणा मलेरिया असतो आणि क्लोरोक्विन हे जुनं औषध त्यावर चालत नाही. ‘आपल्याला डासांची सवय आहे’ हे वाक्य इथे महागात पडतं. वरच्या वेळापत्रकात घानातले दिवस ८ होतात. प्रतिबंधासाठी ॲटोवाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक घेतलं तर जाण्याआधी १, तिथे ८ आणि परतल्यावर ७, म्हणजे माणशी १६ गोळ्या. डॉक्सिसायक्लिन घेतलं तर १, ८ आणि २८ मिळून ३७. पहिलं महाग, पण आटोपशीर. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबरच घ्यायचं, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं असेल तर ते चालत नाही. डॉक्सिसायक्लिनने उन्हात कातडी भाजते, आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. भरपूर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर दोन्ही औषधांशी त्याचं जमत नाही. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासण्याचं वेळापत्रक आधी ठरवून घ्या.

चूक कुठे होते? घरी आल्यावर. बरं वाटतं, मुलं-नातवंडं भेटतात आणि उरलेल्या सात गोळ्या पाकिटातच राहतात. गोळ्यांची शेवटची तारीख पाकिटावर मार्करने लिहा. परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, आणि डॉक्टरांना ‘घाना’ हा शब्द स्वतःहून सांगायचा.

प्रतिसाद २ (परिचारिका, ज्येष्ठांच्या वॉर्डात अनेक वर्षं)

वरच्या दादांच्या म्हणण्यात थोडी भर. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. घानाची वेळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे, वर्षभर तीच. त्यामुळे जातानाचा दिवस लांबतो. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन त्या दिवशी किती वाजता घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असणाऱ्याला जुलाब लागले तर दोनच दिवसांत मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी कोणती गोळी थांबवायची तेही आधीच विचारून ठेवा. ओआरएसची पाकिटं माणशी सहा न्या. एक पाकीट बरोबर एक लिटरमध्ये, ‘थोडं कडक’ करायचं नाही. पाणी सीलबंद बाटलीचं प्या. तिकडे अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशव्यांतलं पाणी सर्रास मिळतं, त्याला ‘प्युअर वॉटर’च म्हणतात. ते हात धुवायला छान आहे.

आधी सनस्क्रीन, ते मुरलं की डासांचं मलम. उलट केलं तर दोन्हींचा फायदा कमी. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका संध्याकाळच्या प्रार्थनासभेत. पूर्ण बाह्या आणि मोजे घालूनच बसा.

प्रतिसाद ३ (अक्रात नोकरीनिमित्त दीर्घ वास्तव्य)

शनिवारचं शिबिर काढून टाका. घानात शनिवार म्हणजे अंत्यविधीचा दिवस. काळ्या आणि लाल कपड्यांतली माणसं गावोगाव निघालेली असतात, चर्चमधले अर्धे लोक कुणाच्या ना कुणाच्या दुःखात. शिबिराला येणार कोण? शिबिर शुक्रवारी एकच दिवस, पण नीट करा. गुरुवारी सकाळी विश्रांती, दुपारी स्थानिक स्वयंसेवकांना शिकवणं. जे राहतील त्यांना रविवारी उपासनेनंतर बघा.

शनिवारी पहाटे निघून आक्वापिमच्या डोंगरधारेवर जा. अक्राच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर अबुरीची वनस्पती-बाग आहे, १८९० सालची. सावली, सपाट वाटा, थंड हवा. तिथून पुढे आक्रोपाँग. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे पहिले चौघे १८२८ साली किनाऱ्यावर उतरले आणि तिघे पहिल्या वर्षातच आजाराने वारले. म्हणून १८३५ साली मिशनने किनारा सोडून हे डोंगरावरचं गाव धरलं. (फार्मासिस्ट दादांच्या १६ गोळ्यांचं महत्त्व तिथे उभं राहिलं की कळतं.) १८४८ साली सुरू झालेलं अध्यापक विद्यालय तिथे अजून चालू आहे. आणि हो, मंगलोरी कौलांचा कारखाना काढणारं बासेल मिशन ते हेच.

प्रतिसाद ४ (नेत्रतपासनीस)

चष्मे. ही सेवा ज्येष्ठ जोडप्याला शोभते, कारण बसून करता येते आणि समोरचा माणूस आपल्याच वयाचा असतो. पण ‘शंभर चष्मे वाटले’ आणि ‘शंभर जणांना वाचता आलं’ यांत फरक आहे.

शंभर चष्म्यांची वाटणी साधारण अशी ठेवा: +१.०० चे १०, +१.५० चे २५, +२.०० चे ३०, +२.५० चे २५, +३.०० चे १०. वयाचा अंदाज: पंचेचाळिशीला +१.००, पन्नाशीला +१.५०, पंचावन्नला +२.००, साठीपुढे +२.५०. हा फक्त सुरुवातीचा नंबर.

वाचनाच्या कार्डाला एक दोरी बांधा आणि ४० सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठ गालाच्या हाडाशी टेकवायची, दोरी ताणायची, कार्ड जिथे येईल तिथेच वाचायचं. ही दोरी नसेल तर प्रत्येकजण कार्ड नकळत हात लांब करून धरतो आणि सगळ्यांना कमी नंबर निघतो. उजेड पाठीमागून किंवा बाजूने हवा, दाराकडे तोंड करून बसवू नका. ‘दिसतं का?’ असं विचारूच नका. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून उत्तर ‘हो’च येणार. त्यांच्याच चुई किंवा गा भाषेतल्या बायबलातलं एक वचन वाचायला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सुईत दोरा ओवायला द्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘जास्त नंबर, जास्त चांगला’. साठीपुढच्या डोळ्याला +२.००चा चष्मा ५० सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतो, +३.००चा ३३वर. शिवणकाम करणाऱ्या बाईंना ३३ ठीक. पण व्यासपीठावरचं पुस्तक वाचणाऱ्या पाळकांना +३.०० दिला तर ते वाकून वाकून बेजार होतील. म्हणून आधी काम विचारा, मग नंबर.

सहा मीटरवरचा तक्ता आधी दाखवून घ्या. लांबचंही दिसत नसेल, बाहुलीत पांढरं दिसत असेल, डोळा लाल किंवा दुखरा असेल, एकाच डोळ्याने दिसत असेल तर चष्मा न देता चिठ्ठी द्या. मोतीबिंदूवर वाचायचा चष्मा दिला की माणूस ‘उपचार झाला’ समजून दोन वर्षं घालवतो. घानात नेत्रतपासनीसांचं शिक्षण कुमासी आणि केप कोस्टच्या विद्यापीठांत मिळतं, म्हणजे माणसं तिथेच आहेत. यजमान मंडळीने त्यांतल्या एकाला शिबिराला बसवावं. शेवटची सूचना प्रत्येकाला दुभाष्याकडून द्या: चालताना चष्मा काढायचा. तो घालून पायरी उतरणारा हमखास पडतो.

प्रतिसाद ५ (दुभाष्याबरोबर संदेश देण्याचा सराव असलेले)

वीस मिनिटांच्या संदेशात तुमची मिनिटं दहा. मजकूर निम्मा करा. वचनांचे संदर्भ आदल्या रात्री दुभाष्याला लिहून द्या. चुईमध्ये संपूर्ण बायबल १८७१पासून आहे, तो आपल्या प्रतीत खुणा करून ठेवतो. एका दमात एकच वाक्य, आणि ते क्रियापदावर संपवा. शब्दांच्या कोट्या घरी ठेवा. दुभाष्याकडे बघून बोलू नका, लोकांकडे बघा.

उपासना तीन तास चालू शकते. काकूंच्या गुडघ्यांसाठी कडेची खुर्ची आधीच मागा, त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद ६ (घानातल्या मंडळीशी सोयरीक)

दोघांनी आपापला जन्मवार शोधून जा! अर्पणाच्या वेळी बऱ्याच मंडळ्यांत ‘कोफी-आमा’ असतं: सोमवारी जन्मलेले, मंगळवारी जन्मलेले असे गट नाचत पुढे जातात आणि कोणत्या वाराने जास्त दिलं ते जाहीर होतं. शुक्रवारचा पुरुष कोफी, शनिवारची बाई आमा. रविवारचे क्वासी आणि अकोसुआ. पाहुण्यांना वार विचारतातच, आणि माहीत नसला की सगळी सभा हसते. फोनच्या कॅलेंडरात जन्मसाल गाठा, एका मिनिटाचं काम. सेडीच्या (तिथल्या चलनाच्या) सुट्ट्या नोटा आणि पांढरा रुमाल खिशात ठेवा. रुमाल हलवायला असतो.

देणं-घेणं, हात मिळवणं, सगळं उजव्या हाताने. बसलेल्या लोकांना भेटताना उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जायचं, मधला कुणी वगळायचा नाही. हातात रोख कुणालाही देऊ नका. मंडळीच्या खजिनदाराकडे द्या आणि पावती मागा. एकाला दिलं की दुसऱ्या दिवशी दारात दहा जण, आणि तुमच्या मागे निस्तरायचं यजमानांना.

प्रतिसाद ७ (वास्तू आणि इतिहासाची आवड)

केप कोस्ट अक्राहून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण वाटेवरच्या कासोआच्या वाहतूक कोंडीमुळे तीन-चार तास धरा. सोमवारी सकाळी सहाच्या आत अक्रा सोडा. मंगळवारी रात्री अक्रातच परत या. बुधवारी सकाळी किनाऱ्याहून निघून विमान गाठण्याचा बेत करू नका.

केप कोस्टचा किल्ला दुपारी पाहू नका; अंगण पांढरं, ऊन डोळ्यांत घुसतं. पुरुषांच्या कोठडीकडे उताराची अंधारी वाट जाते. दगड ओबडधोबड, मधे कठडा नाही. रबरी तळव्याचे बूट आणि छोटी बॅटरी न्या, आणि गटात पहिले किंवा शेवटचे चाला, मधे ढकलाढकल होते. त्या कोठडीच्या वरच प्रार्थनागृह होतं. वर स्तोत्रं, खाली साखळदंडातली माणसं. सेवेसाठी आलेल्यांनी इथे घाई करू नये. अंगणात फिलिप क्वेकू यांची कबर आहे: केप कोस्टचेच, १७६५ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पाळकपदाची दीक्षा घेणारे पहिले आफ्रिकन. पुढे १८१६पर्यंत ते याच किल्ल्यात उपदेशक आणि शिक्षक होते; त्यातली १८०७पर्यंतची वर्षं खाली गुलामांचा व्यापार चालू होता. गाइड कधीकधी कबर ओलांडून पुढे नेतात; थांबायला सांगा.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला. पायऱ्या केप कोस्टपेक्षा जास्त, काही ठिकाणी अगदी चिंचोळ्या. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर खालचं अंगण पाहून बाहेर या आणि बंदरातल्या रंगीत होड्या बघत बसा.

काकुमच्या जंगलातला झुलता पूल? सात टप्पे, एकूण सुमारे ३५० मीटर, जमिनीपासून जवळजवळ ४० मीटर उंच. पाय टाकायला एक फळी. शिवाय तिथवर दगडी पायऱ्यांची चढण. माझ्या मते वगळा.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद ३ पुन्हा)

काकुमबद्दल असहमत. तोल चांगला असेल तर सकाळी पहिल्या गटात जा, मागे पोरांचा घोळका नसतो. पण केप कोस्टहून ३० किलोमीटर उत्तरेला जाऊन यायचं, म्हणजे एल्मिना सोडावं लागेल. दोन्ही नाही जमणार.

राहिलेलं थोडं: लष्करी कॅमोफ्लाज छपाईचे कपडे नागरिकांना चालत नाहीत, टोपीसुद्धा नको. सैनिकी जागांचे फोटो काढू नका. व्होल्टाच्या तलावात पाय बुडवू नका, गोगलगायींमधून पाण्यात आलेले कृमी कातडीत शिरतात. वीज जाते-येते, तिला ‘डुमसोर’ म्हणतात. श्वासाचं यंत्र वापरत असाल तर बॅटरीची सोय यजमानांकडून आधी पक्की करा. मे-जूनचा पाऊस टाळा. डिसेंबर-जानेवारीत हरमाटन वारा सहारातली धूळ आणतो. दम्याच्या माणसाने इनहेलर जास्तीचा न्यावा.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

उरलेले चष्मे परत आणू नका. गुरुवारी शिकवलेल्या स्वयंसेवकांपैकी एकाकडे दोरी, कार्ड, तक्ता आणि वही सोपवा. वहीत चार रकाने पुरतात: नाव, वय, काम, नंबर. सहा महिन्यांनी कोणते नंबर संपले ते यजमानांना विचारा. पुढचं जोडपं निघताना वाटणी त्यावरून बदलायची, वरच्या माझ्या आकड्यांवरून नाही.