म्युनिक-व्हिएन्ना: बसला व्हॅट, विमानाला शून्य, असं का?

नौपाडा_टूरवाली:
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात छोटं टूरचं काम करते, ग्रुपमध्ये बहुतेक साठीच्या पुढचे काका-काकू. यंदा म्युनिक ते व्हिएन्ना बस ठरवली, वाटेत साल्झबर्गला थांबता येतं आणि गुडघे दुखणाऱ्यांना एअरपोर्टची पायपीट नको. तिकडच्या बसवाल्याचं बिल आलं तर एकच प्रवास दोन ओळींत तोडलेला, जर्मनीतले १४५ किमी १९ टक्क्यांनी आणि ऑस्ट्रियातले ३०० किमी १० टक्क्यांनी. विमानाचं कोटेशन काढलं तर त्यात व्हॅटची ओळच नाही! तीच माणसं, तीच दोन शहरं, मग हा फरक का?

ऐरोली_अकाउंट्स:
ताई, बिल बरोबर आहे. मी दिवसभर युरोपातल्या क्लायंटचे व्हॅट रिटर्न भरतो, तिथे युरोपियन युनियनच्या २००६ च्या व्हॅट निर्देशाचं (निर्देश म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधणारा कायदा) कलम ४८ आहे, प्रवासी वाहतुकीचा कर ज्या देशात जितकं अंतर कापलं तितका त्या देशाचा. नियम विमानालाही तोच, पण १९७७ च्या सहाव्या निर्देशात जुन्या सवलती तात्पुरत्या म्हणून चालू ठेवायची मुभा दिली, ती आजही तशीच चालू आहे आणि तिच्या जोरावर देश आंतरराष्ट्रीय विमानाला शून्य लावतात. करात बदल करायचा तर सगळ्या २७ देशांचा होकार लागतो, म्हणून घोडं अडलंय. रेल्वेचं थोडं बरं झालंय, ऑस्ट्रियाने २०२३ पासून सीमेपार रेल्वे शून्य केली, जर्मनीने २०२० पासून लांबच्या रेल्वेला १९ चे ७ केले. लांब पल्ल्याची बस मात्र १९ वरच. आणि बसवाल्याला प्रत्येक देशाचे किलोमीटर वेगळे मांडून त्या त्या देशाच्या दराने हिशोब द्यावा लागतो.

पनवेलकर७१:
पण विमानाला काहीच कर नाही असं नाही हं, जर्मनीत २०११ पासून विमान तिकिटावर वेगळा कर आहे, तो प्रवाशाकडूनच वसूल होतो.

ऐरोली_अकाउंट्स:
दादा तो आहेच, मान्य, पण तो माणशी ठरावीक रक्कम आहे, तिकीट महाग झालं म्हणून वाढत नाही, व्हॅट वाढतो. शिवाय इंधन बघा, १९४४ च्या शिकागो करारात विमानाच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनावर दुसऱ्या देशाने कर लावायचा नाही असं ठरलं आणि युरोपच्या २००३ च्या कायद्याने व्यावसायिक उड्डाणांच्या इंधनाला सूट दिली. बसवाला मात्र डिझेलवर पूर्ण कर भरतो. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं, ज्याच्याकडे कमी पैसे तो बसने जातो आणि टक्के त्यालाच जास्त.

वंदना_डेपो:
आपल्याकडे उलट आहे बघा. लालपरीला जीएसटी नाही, एसी गाडीला ५ टक्के, विमानाच्या इकॉनॉमीला ५, आणि बिझनेस क्लासला सप्टेंबर २०२५ पासून १८. परदेशात जाणाऱ्या विमानालाही सूट नाही, तुम्ही जिथे चढता तिथला कर, म्हणून मुंबईहून फ्रँकफर्टच्या तिकिटावरही जीएसटी दिसतो, किलोमीटर मोजत बसायची गरज नाही. साध्या गाडीला माफी आणि वरच्या वर्गाला जास्त, हे मला पटतं.

नौपाडा_टूरवाली:
सगळ्यांचे आभार, आता नीट कळलं. ग्रुपला बसनेच नेणार, काकू साल्झबर्गच्या थांब्यासाठी आत्तापासून डबे ठरवतायत. पण बिलाची ती दोन ओळींची प्रत सगळ्यांना दाखवीन, आपण कर कुठे आणि कशावर भरतोय हे त्यांना कळायलाच हवं.