सोडलेल्या कंपनीत परत जावं का?

भोसरीकर:
चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीला होतो, चार वर्षं तीन महिने. 2022 मध्ये सोडली. पगारासाठी नाही. कस्टमरकडून माल परत आला की शिव्या मला, आणि ‘जाऊ दे रे आजचा लॉट’ म्हणणारा प्रॉडक्शनवाला नामानिराळा. आता जुन्या साहेबांचा फोन आलाय, सीनियरची जागा आहे, ये. पगार आत्तापेक्षा 30 टक्के जास्त. मन ओढ घेतंय. तुम्ही काय कराल?

गेजपिन:
जाऊ नका. मी गेलो होतो. आठवडाभर सगळे गळ्यात पडले, ‘आला आपला माणूस’. पहिल्याच महिनाअखेरीला गाडी गेटवर उभी, आणि माझ्या टेबलावर बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा झालेला लॉट, सही करा म्हणून. हुद्दा वाढला होता, बाकी काही बदललं नव्हतं. नऊ महिन्यांत पुन्हा राजीनामा दिला. दुसऱ्यांदा देताना फार जड गेलं.

पिंपरीची लेक:
एका अनुभवावरून सगळ्यांना अडवू नका. बाळंतपणानंतर मी जुन्याच ऑफिसात परतले. कुठली फाइल कुणाकडे अडते ते माहीत होतं, त्यामुळे सहाला निघता यायचं. नव्या ठिकाणी माणसं ओळखण्यातच वर्ष गेलं असतं, आणि ते वर्ष माझ्याकडे नव्हतं.

गेजपिन:
ताई, तुम्ही वैतागून सोडली नव्हती. फरक तिथेच आहे.

रात्रपाळी:
मी न सोडणाऱ्यांतला. ज्याला मी मायक्रोमीटर धरायला शिकवलं तो तीन वर्षांनी परत आला, माझा साहेब होऊन, माझ्यापेक्षा जास्त पगारावर. त्याच्यावर राग नाही. पण मी वाढ मागितली की बजेट नसतं आणि गेलेल्याला आणायला असतं, हे लागतं मनाला. भोसरीकर, साहेबांचं ऐकण्याआधी तिथे थांबलेल्यांना विचारा. खरं तेच सांगतील.

पासबुक:
पैशाचंही बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. जुनी चार वर्षं तीन महिने आता जोडून मिळणार नाहीत, तिथे मोजणी पुन्हा शून्यापासून. आत्ताच्या कंपनीत पाच भरत आली असतील तर थांबा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 40 हजार धरले तर पाच वर्षांचे सुमारे 1 लाख 15 हजार होतात. पीएफ मात्र काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला 10 वर्षं लागतात, त्यात जुनी वर्षं धरली जातात.

भोसरीकर:
रात्रपाळी, तुमचं वाचून जुन्या लाइन इन्स्पेक्टरला फोन केला. होल्ड केलेल्या, म्हणजे क्वालिटीने अडवलेल्या मालावरचा लाल टॅग अजून प्रॉडक्शनवालेच काढतात म्हणाला. साहेबांना मेल केलाय, टॅग काढायचा अधिकार फक्त क्वालिटीला देणार का? चार दिवस झाले, उत्तर नाही. इथे राजीनामा दिलेला नाही.