रताळ्यांची चार खोकी उरलीत, कोण नेणार?

सुजाता (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना):
मंडळी, शिवरात्रीच्या कार्यक्रमाला आणलेली रताळी. रस्त्यावर बर्फ म्हणून निम्मे लोक आलेच नाहीत, पाचातलं एकच खोकं संपलं आणि उरलेली चार आमच्या गराजमध्ये आहेत. एका खोक्यात ४० पौंड, म्हणजे १६० पौंड, किलोत ७२ च्या वर. शेतावर फोन केला होता, ते परत घेत नाहीत. प्लीज घेऊन जा, आणि दोन-दोन नको, पिशवी भरून न्या. फक्त कीस करा असं कोणी सुचवू नका, त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

अनघा:
किसाबद्दल लिहायलाच हवं कारण त्या दिवशी मी किचनमध्ये होते. कीस बिघडला तो करणाऱ्यांच्या हातामुळे नाही. गावाकडचं लाल सालीचं, आतून पांढरं रताळं पिठूळ असतं, वाफ दिली तरी मोकळं राहतं. इथलं नारिंगी ओलसर, त्याचा झाकणाखाली पाच मिनिटांत लगदा होतो, आणि आपण तर शंभर माणसांचा कीस एकाच पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं. काल घरी परत करून बघितला. जाड किसणी, पसरट कढई, तुपात जिरं आणि मिरची, मग एका वेळी दोनच मुठी कीस, मोठा गॅस, झाकण अजिबात नाही. कडा तपकिरी दिसायला लागल्या की मीठ आणि दाण्याचं कूट, खाली उतरवून लिंबू. साखर घालूच नका. छान मोकळा झाला, मुलाने दोनदा मागून घेतला.

विनायककाका:
सुजाता, आधी ती खोकी गराजमधून घरात घे, बाकी चर्चा नंतर. रात्री किती गार होतंय! रताळं १० डिग्री सेल्सियसच्या खाली राहिलं की आतून दडस होतं, मग कितीही शिजवा, तो गाभा कडकच राहतो. १३ ते १५ डिग्रीला, अंधारात, हवा लागेल असं ठेवायचं. फ्रीजमध्ये नाही, धुऊन तर मुळीच नाही. मोड आले तरी चालतात, बटाट्यासारखी भीती नाही, पण बुरशी दिसली किंवा कडू लागलं तर अख्खं टाकून द्या, तेवढा भाग कापून उरलेलं वापरू नका.

आमचं चंदगडकडे शेत होतं. रताळी काढायच्या दिवसांत आई रात्री जेवणं झाल्यावर चुलीतल्या गरम राखेत चार-पाच पुरून ठेवायची, सकाळी शाळेत जाताना खिशात एकेक. साल सोडवली की बोटांना पाक लागायचा. ती गोडी येते हळू तापल्यामुळे, सावकाश तापताना पिठाची साखर व्हायला वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये तीच रताळी सपक लागतात. ओव्हनमध्ये सालीसकट, काट्याने टोचून, ४०० फॅरेनहाइटला तासभर ठेवा, ट्रेवर काळपट चिकट पाक सुटला की झालं.

मीनल:
काकांनी लिहिलंय तसंच भाजून गर काढा आणि एकेक वाटीच्या पिशव्या करून फ्रीझ करा, वर्षभर टिकतात. कच्ची फ्रीझ करू नका, सुटल्यावर पाणी पाणी होतं. होळीला दोनच आठवडे आहेत तर यंदा रताळ्याच्या पोळ्याच का नाही करायच्या? माझ्या सासूबाई करतात. दोन वाट्या गराला अर्धी वाटी गूळ पुरतो, कढईत आटवत राहायचं, उलथनं उभं राहिलं की वेलची-जायफळ. उकडलेल्याचं पुरण लवकर घट्ट होत नाही, भाजलेलंच पाहिजे. तरी सैल वाटलं तर दोन चमचे भाजलेलं बेसन.

शैलजाताई:
मीनल, तुझ्या सासूबाईंच्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत, उत्तम असतात. पण होळीच्या जेवणाचं आमच्याकडे आहे आणि पोळी हरभऱ्याच्या डाळीचीच होणार. कटाची आमटी कशाची करायची मग? डाळ शिजवलेल्या पाण्याशिवाय कट निघत नाही. २० पौंड डाळ आणून ठेवली आहे, आठ जणींनी कामं वाटून घेतली आहेत. आपल्या घरापासून इतक्या लांब वर्षातून एकदा तो नैवेद्य होतो, तो जसा आहे तसाच राहू द्या. रताळी जास्त झाली म्हणून सणाचा स्वयंपाक बदलायचा हे मला पटत नाही.

राहुल:
ताई, होळीचं मान्य, पण परंपरेचं म्हणाल तर रताळं मुळात अमेरिका खंडातलंच. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कंदसुद्धा. म्हणजे आपलं जवळजवळ अख्खं उपवासाचं ताट इकडून तिकडे गेलंय. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात ती आपल्याच नॉर्थ कॅरोलिनात, आणि दुकानात बहुतेक मिळतं ते कोव्हिंग्टन हे वाण इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये आणलेलं.

अनघा:
राहुल, म्हणूनच म्हणते, पुढच्या वर्षी ऑर्डर करताना वाण विचारा. मुरासाकी म्हणून मिळतं, जांभळी साल आणि आतून पांढरं, आपल्यासारखं पिठूळ. महाग आहे पण किसाला तेच हवं. मोठ्या कार्यक्रमाला नारिंगी पुन्हा नको.

शैलजाताई:
आमच्याकडे उपवासाला कोथिंबीरही चालत नाही, त्यामुळे मूळ कुठलं यावर ते कधीच ठरलं नाही. घरात जे चालत आलं ते चालतं. सुजाता, मला एक पिशवी ठेव. एकादशीला गोड काप करते, तुपावर दोन्ही बाजूंनी परतून वर गूळ आणि ओलं खोबरं.

मीनल:
ताई, कटाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पाडव्याच्या आधी घरीच करीन पोळ्या. अर्धं खोकं माझं. कोणाला फक्त गर हवा असेल तर भाजून देते, डबे आणा.

सुजाता:
काका, खोकी आत घेतली, पायऱ्यांखालच्या कपाटात आहेत. तळाची सात-आठ मऊ निघाली ती टाकली. अर्धं खोकं मीनल, एक पिशवी शैलजाताई, एक अनघा. एक अख्खं खोकं मी उद्या सकाळी फूड पँट्रीत (गरजूंना फुकट अन्न देतात तिथे) देते, त्यांनी होकार कळवलाय. म्हणजे दोनच्या आसपास उरतात. शनिवारी ४ ते ७ मी घरी आहे, पिशव्या आपापल्या आणा, माझ्याकडच्या संपल्या. ॲपेक्स गावाकडून कोणी येत असेल तर विनायककाकांची पण घेऊन जा, ते रात्रीची गाडी चालवत नाहीत.