सिन्नरहून शालिमार: कार नाशिकरोडला ठेवावी की आत न्यावी?

सिन्नरकर: ऑफिस नाशिक शहरात शालिमारला, वेळ दहाची. नाशिकरोड स्टेशनच्या पार्किंगला कार लावून पुढे सिटीलिंकच्या शहर बसने गेलेलं बरं, की थेट आत न्यावी? खर्च-वेळेचा हिशेब कोणी मांडेल का?

उपनगरवाला: हिशेब नाशिकरोडच्या पुढचाच धरा, तिथपर्यंतचं पेट्रोल दोन्हीकडे सारखंच. शालिमार साधारण 9 किमी, जाऊन-येऊन 18. सिग्नलच्या रस्त्यावर 12चं अॅव्हरेज म्हणजे दीड लिटर; 105 रुपये भाव धरला तर 157 रुपये. त्यावर शालिमारला जागा शोधणं आलंच, आणि नो-पार्किंगला लावली तर टोइंगचा भुर्दंड. स्टेशनची पावती आणि दोन वेळचं तिकीट 157च्या आत बसलं तर कार बाहेरच ठेवा. मात्र स्टेशनचं पार्किंग तासांच्या टप्प्यांवर चालतं. गाडी नऊ-दहा तास उभी राहणार, तेव्हा मासिक पास मिळतो का ते काउंटरवर आधी विचारा. रोज पावती फाडलीत तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

काठेगल्ली: पैशांचं ठीक, पण वेळ वाचेल असं समजू नका. बस काही द्वारका चौक चुकवत नाही. तिथला उड्डाणपूल मुंबई-आग्रा हायवेचा, पुणे रोडची वाहतूक खालूनच जाते. बसही त्याच रांगेत, शिवाय थांबे घेत. फायदा एवढाच की क्लच दाबत बसावं लागत नाही आणि उतरल्यावर जागेसाठी घिरट्या नाहीत. सकाळी स्टेशनसमोरूनच बस धरा, बसायला मिळतं. संध्याकाळी उलटं: निमाणी बसस्थानकाहून सुटलेली बस शालिमारला येईपर्यंत भरलेली असते. अॅपवर पुढची बस लांब दिसली तर नाशिकरोडची शेअर रिक्षा पकडा.

सिन्नरकर: आणि बाइक असेल तर?

उपनगरवाला: मग थेट जा. 45चं अॅव्हरेज धरलं तर 18 किमीला 0.4 लिटर, म्हणजे 42 रुपये. त्यात तिकीट आणि पार्किंगची पावती भागणं अवघड. पावसाळ्यात मर्जी तुमची.

काठेगल्ली: 2015च्या सिंहस्थात पर्वणीला गाड्या बाहेरच्या वाहनतळांवर थांबवून लोकांना एसटीने आत आणलं होतं. ते जमलं कारण बस वाहनतळावरूनच सुटायची. तुम्हीही तेच बघा: गाडी लावल्यावर थांब्यापर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागलं, तर आठवड्याभरात कार परत आत यायला लागते.