मदत हवी आहे : जर्मन गरुडाच्या तक्त्यासाठी फोटो

जर्मन राज्यचिन्हातल्या गरुडाचा तक्ता करतो आहे. सांगाडा तयार आहे : 1433 पासून पवित्र रोमन सम्राटाचा दुतोंडी गरुड, मार्च 1848 मध्ये जर्मन राज्यसंघानेही दुतोंडीच स्वीकारला, 1871 च्या साम्राज्यात एकमुखी, छातीवर प्रशियाची ढाल, नोव्हेंबर 1919 मध्ये मुकुट आणि ढाल दोन्ही गेले. जानेवारी 1950 मध्ये पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हॉइस यांनी 1919 चेच वर्णन कायम केले : सोनेरी ढालीवर काळा गरुड, चोच, जीभ आणि नखे लाल.

अडले आहे ते साम्राज्याच्या नाण्यांपाशी. 1889 पर्यंतच्या 10 फेनिगच्या नाण्यावर (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) गरुड लहान आणि छातीवरची ढाल मोठी, 1890 पासून नेमके उलट. वर्ष झिजलेले नाणे यावरूनच ओळखता येते, म्हणून हा फरक मला ठळक दाखवायचाच आहे. कुणाकडे दोन्ही प्रकार असतील तर गरुडाच्या बाजूचे फोटो द्याल का? उजेड एका बाजूने, तिरपा पाडा. समोरून फ्लॅश मारला की ढालीची कड सपाट दिसते. नाणे घासू नका. आणि फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, हे तपासा. गरुडाचे तोंड पाहणाऱ्याच्या डावीकडे हवे.

दुसरे : 1848 चा गरुड मुख्य रांगेत ठेवावा की वेगळा? तो फार टिकला नाही, पण मला तो वगळवत नाही.