शब्दचर्चा : ख्रिस्ती मराठीतले ‘विश्वास’ आणि ‘तारण’

रावपुरेकर (मूळ प्रश्न)

मंडळी, एक नड आहे. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या आजी नुकत्याच गेल्या. त्यांच्यासाठी घरच्यांनी गुजरातीत छोटी स्मरणपत्रिका काढली आहे. नातलग बरेचसे नगर जिल्ह्यातले, त्यांना गुजराती लिपी येत नाही, म्हणून पत्रिकेचं मराठी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मुख्य ओळ अशी : ‘विश्वासथी तारण पाम्यां’.

माझी मुलगी गुजराती माध्यमात शिकते. ती म्हणाली, “बाबा, तारण म्हणजे निष्कर्ष ना?” तिचं बरोबरच आहे, इथल्या बडोद्याच्या गुजराती वर्तमानपत्रांत चौकशीचं नाहीतर संशोधनाचं ‘तारण’ निघतं. मराठीत तारण म्हटलं की मला आधी दागिने ठेवून काढलेलं कर्ज आठवतं. मग ‘श्रद्धेने मोक्ष मिळाला’ असं लिहावं का? वाचणाऱ्याला कळेल, पण त्या घराला ते आपलं वाटेल का, ही शंका आहे. त्यांचं दुःख ताजं आहे, परकं वाटेल असं काही छापायचं नाही.

फतेगंजकर

काका, ‘मोक्ष’ नका लिहू. तुम्ही छापण्याआधी विचारलंत, बरं झालं. मी मराठी ख्रिस्ती घरातली. देवळातली, म्हणजे चर्चमधली, उपासना गुजरातीत आणि घरातलं बायबल मराठीत, असंच वाढले, त्यामुळे दोन्हीकडचे शब्द कानावर आहेत.

आधी क्रियापदं बघा, अर्धा अर्थ त्यांच्यातच आहे. मोक्ष माणूस ‘मिळवतो’, ‘साधतो’. आमच्याकडे तारण ‘होतं’. “माझं तारण झालं” असं म्हणतात, “मी तारण मिळवलं” असं सहसा कोणी म्हणत नाही. करणारा दुसरा आहे. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे अगदी उघड सांगितलंय : कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. दान घेणाऱ्याने फक्त हात पुढे करायचा असतो. तो पुढे केलेला हात म्हणजे विश्वास.

दुसरं, ‘येशू’ या नावातच तारण आहे. मूळ हिब्रू नावाचा अर्थ ‘परमेश्वर तारतो’. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात) पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला सांगतो की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. कशापासून, तर पापांपासून. इथे मोक्षाची वाट वेगळी होते. मोक्षाच्या कल्पनेत सुटका असते ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून आणि अज्ञानातून. ख्रिस्ती समजुतीत फेरा नाहीच, जन्म एकच. बंधन आहे ते पापाचं, म्हणजे देवाशी तुटलेल्या नात्याचं आणि त्यातून आलेल्या मृत्यूचं. आणि शेवट आत्मा शरीरातून सुटण्यात नाही. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे आम्ही उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, ‘शरीराचं पुनरुत्थान’ स्पष्ट म्हटलंय. आजींच्या घरचे लोक त्या पुन्हा उठतील या आशेवर आहेत. ‘मोक्ष मिळाला’ असं छापलंत तर नकळत त्या आशेच्या उलटं लिहिलं जाईल.

आणखी एक सांगते, कारण मला ते फार जवळचं आहे. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्यातलं ‘तारणे’साठीचं क्रियापद ‘सोझो’. त्याचा अर्थ तारणे असाही होतो आणि बरं करणे असाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. वैद्यांच्या हातून सोसून, जवळचं सगळं खर्चून बसलेली. तिला तो म्हणतो, “तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.” लूकच्या सातव्या अध्यायात पापी म्हणून गावाने ओवाळून टाकलेली एक बाई त्याचे पाय आसवांनी भिजवते. तिला तो म्हणतो, “तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे.” मराठीत दोन वेगळी वाक्यं झाली, ग्रीकमध्ये दोन्हीकडे तेच शब्द आहेत. एकीचं शरीर, दुसरीचं मन आणि गावातलं स्थान. तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरची सोय नव्हे, हे मला या दोघींमुळे समजतं. पहिलीला तर तो ‘मुली’ अशी हाक मारतो. गर्दीतल्या सगळ्यांच्या देखत.

मांडवीतला वाचक

ताई, सुंदर लिहिलंत. पण ‘श्रद्धा’ का नको? विश्वास तर आपण दूधवाल्यावरही ठेवतो. देवासाठी त्याहून भारदस्त शब्द हवा असं वाटतं.

फतेगंजकर

दादा, दूधवाल्यावर ठेवतो तसाच ठेवायचा असतो, म्हणून तर तो शब्द योग्य आहे! हिब्रूत यासाठी ‘एमुना’ शब्द आहे. त्याच्या धातूचा अर्थ घट्ट असणं, टिकणं, भार पेलणं. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते ‘आमेन’ त्याच धातूचं. ग्रीक ‘पिस्तिस’मध्येही भरवसा आणि इमान या दोन्ही छटा आहेत. आपल्या ‘विश्वास’मध्ये ‘श्वस्’ धातू आहे, निर्धास्त होऊन श्वास घेणं.

‘श्रद्धा’ चूक मुळीच नाही. कॅथलिक मराठीत ‘श्रद्धा’, ‘श्रद्धावंत’ सर्रास चालतात, वसईकडच्या लेखनात तर नेहमीचे. शब्दही फार जुना आहे, लॅटिन ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी मानतो’, त्याचा तो सख्खा भाऊ. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धा सात्त्विक, राजस, तामस अशी माणसाच्या स्वभावातून येते. म्हणजे श्रद्धा हा माणसाच्या घडणीचा भाग. शिवाय आजच्या मराठीत श्रद्धा म्हटलं की पाठोपाठ अंधश्रद्धेचा वाद येतोच. ‘विश्वास’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणावर? ख्रिस्ती अर्थाला हा ‘कोणावर’ अत्यंत महत्त्वाचा आहे.

यासाठी मराठीत एक छान सोय आहे. ‘देव आहे असा विश्वास’ वेगळा आणि ‘देवावर विश्वास’ वेगळा. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे ‘असा’वाला विश्वास भुतांकडेही आहे, आणि त्याने त्यांचं तारण होत नाही. तारणाशी जोडलेला आहे तो ‘वर’वाला. म्हणून प्रॉटेस्टंट मराठीने ‘विश्वासणारा’ असा शब्दच घडवला. बाहेरच्याला तो कानाला खटकतो, व्याकरणही जरा ओढून आणल्यासारखं वाटतं. पण ‘आस्तिक’ने ते काम होत नाही. देव आहे एवढं मानणारा तो आस्तिक, स्वतःला त्याच्यावर सोपवणारा तो विश्वासणारा.

दांडियाबझार

मध्ये बोलतो, माफ करा. तारण माणसाने साधायचं नसतं म्हणता, पण फिलिप्पैकरांस पत्रात सरळ लिहिलंय की भीत व कापत आपले तारण साधून घ्या. आणि ज्या याकोबाचा दाखला दिलात, तोच म्हणतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मग नुसत्या विश्वासाने भागतं की कर्मही लागतं?

फतेगंजकर

नेमक्या जागी बोट ठेवलंत. आधी फिलिप्पैचं. ‘साधून घ्या’च्या पुढचं वाक्य वाचा : इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे. मराठी भाषांतरकाराने ‘साधून घ्या’ आणि ‘साधून देणारा’ अशी जोडी लावली आहे, ती मला कायम फार आवडत आलीय. घेणारा माणूस, देणारा देव, साधणं एकच.

कर्माचा प्रश्न मोठा आहे, त्यावरून युरोपातलं चर्च दुभंगलं. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचं उदाहरण देतो : त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या बाजूने नीतिमत्त्व (देवापुढे निर्दोष ठरणं) असा गणला गेला. याकोब तेच अब्राहामाचं वचन घेतो आणि म्हणतो, बघा, क्रियांनी त्याचा विश्वास पूर्ण झाला. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात ‘केवळ विश्वासाने’ असं लिहिलं. ‘केवळ’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये नाही, अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून त्याने तो घातला, आणि त्यावरून त्याच्यावर टीका झाली. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये उत्तर दिलं की आरंभ कृपेचाच, पण माणूस तिला साथ देतो, आणि विश्वास प्रीतीवाचून पुरा होत नाही. पुढे साडेचार शतकांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : देव माणसाला स्वीकारतो तो आपल्या कृपेने, माणसाच्या पुण्याईवर नव्हे, आणि ती कृपाच माणसाला सत्कर्मं करायला बळ देते. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण गाभ्याबद्दल एकमत नोंदलं गेलं. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. इतकी वर्षं एकमेकांना पाखंडी ठरवणारे लोक एका वाक्यावर आले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पौल आणि याकोब वेगवेगळ्या माणसांशी बोलताहेत. आपल्या पुण्याईचा हिशेब देवापुढे मांडणाऱ्याशी पौल बोलतो. “मी विश्वासणारा आहे” म्हणत उघड्यावाघड्या भावंडाला ‘ऊब घे, पोटभर जेव’ एवढं तोंडाने सांगून वाटेला लावणाऱ्याशी याकोब बोलतो, तेच उदाहरण त्याने त्या अध्यायात दिलंय. दोघांची पत्रं आम्ही एकाच बायबलमध्ये वाचतो, आणि मला दोन्ही लागतात.

मांडवीतला वाचक

आणि ते कर्जाचं तारण? त्याचा याच्याशी काही धागा?

फतेगंजकर

बायबलमध्ये तसा धागा जोडलेला मला दिसत नाही, म्हणून ओढूनताणून जोडणार नाही. ख्रिस्ती ‘तारण’ हे तरणे, तारू, तारक या कुळातलं : बुडणाऱ्याला पार नेणं. वारकरी कानाला ते लगेच कळतं. नारायण वामन टिळकांसारखा कवी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आला, त्याला हे शब्द परके वाटले नसणार.

व्यवहारातले शब्द मात्र मराठी बायबलात खरंच आहेत. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा, म्हणजे देवाकडून मिळायच्या वारशाचा, ‘विसार’ आहे असं इफिसकरांस पत्रात येतं. सौदा पक्का व्हावा म्हणून आगाऊ द्यायची रक्कम तो विसार. बडोद्यात घर घेतलेल्यांना बानाखत (घराच्या सौद्याचा करार) माहीत असतं, त्यातल्या बान्यासारखंच. पूर्ण वतन पुढे मिळायचं आहे, खूण आत्ता हातात आहे. म्हणून तारण तिन्ही काळांत बोललं जातं : झालं आहे, होत आहे, होणार आहे. दुसरा शब्द ‘खंडणी’. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं मार्कमध्ये आहे. गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला भरायची रक्कम, असा तिथला अर्थ. आजच्या बातम्यांमुळे तो शब्द ऐकवत नाही. तिथे ‘मुक्तीचं मोल’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

रावपुरेकर

ताई, शंका फिटली. मग ओळ अशी करतो : ‘प्रभू येशूवरील विश्वासाने तारण पावलेल्या’. एकच विचारायचं राहिलं. पत्रिकेत खाली ‘तारणहार’ आहे, आणि ‘मुक्तिदाता’ लिहावं असं एका मित्राचं म्हणणं आहे.

फतेगंजकर

ओळ अगदी बरोबर. ‘वरील’ आवर्जून घातलंत, छान केलंत. ‘मुक्ती’ही आमचाच शब्द आहे. सॅल्व्हेशन आर्मीला मराठीत आणि गुजरातीतही मुक्तिफौज म्हणतात, पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेचं नाव मुक्ती ठेवलं. पत्रिका कॅथलिक घरची असेल तर ‘मुक्तिदाता’ खुशाल लिहा. मेथडिस्ट किंवा दुसरं प्रॉटेस्टंट घर असेल तर ‘तारणारा’ लिहा, नगरकडच्या मंडळींच्या बायबलात तोच शब्द आहे. ‘तारणहार’ कळेल, पण गुजराती वळणाचा वाटेल. छापण्याआधी एकदा आजींच्या मुलांना वाचून दाखवा, आईच्या तोंडी कुठला शब्द होता ते तेच सांगतील.